घाटापलीकडची प्रत

महाराष्ट्रात पावसाला एक सरकारी उंबरठा आहे. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की कागदोपत्री ती अतिवृष्टी ठरते आणि पंचनाम्यांची, मदतीची चक्रे हलू लागतात. ६३ झाला तरी शेतात पाणी तेवढेच साचते, कपाशी तेवढीच पिवळी पडते, पण मंडळाचे नाव यादीत येत नाही. म्हणून बीडसारख्या जिल्ह्यात पर्जन्यमापकाचा आकडा हवामानापुरता राहत नाही. तो पैशाचा, तंट्याचा आणि तहसीलवरच्या मोर्चाचा विषय होतो.

जिल्हा तसा तुटीचा. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा पट्टा पर्जन्यछायेतला. २०२५च्या सप्टेंबरात मात्र याच कोरड्या पट्ट्यात सिंदफणेचे पाणी शिरूर कासारमध्ये घुसले आणि आष्टी तालुक्यात माणसे हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. पीकविम्याचे भांडणही इथे जुने. २०२०च्या खरिपात बीडसाठी विमा कंपनीच मिळेना, तेव्हा ८०:११० हे सूत्र निघाले: जमा हप्त्यांच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यापुढची राज्याने, आणि दावे कमी आले तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकीचे परत करायचे. ‘बीड पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर गाजले. या सगळ्या व्यवहाराच्या तळाशी नोंदी असतात, आणि नोंदी कुठेतरी साठवलेल्या असाव्या लागतात.

पावसाची नोंद आता बव्हंशी यंत्र करते. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्याने स्कायमेट कंपनीच्या भागीदारीत महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली; त्यांतली साठाहून अधिक बीडमध्ये आहेत. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस यांची नोंद दर दहा मिनिटांनी होते, म्हणजे दिवसाला १४४ नोंदी. अशी केंद्रे साधारणपणे सौर पॅनेल, बॅटरी आणि मोबाइलचे सिम यांवर चालतात. मोजायचे, टॉवरमार्फत दूरच्या सर्व्हरला पाठवायचे, पुन्हा मोजायचे. एरवी हे छान चालते.

आता अतिवृष्टीची रात्र डोळ्यांपुढे आणा. तीन दिवस ऊन नाही, बॅटरी खालावलेली. गावातली लाईट संध्याकाळीच गेली, टॉवरचे डिझेल संपले, रेंज गेली. पहाटे ओढ्याचे पाणी केंद्राच्या खांबाला लागले. ज्या रात्रीसाठी हे यंत्र बसवले त्याच रात्री ते मुके होण्याची शक्यता सर्वांत जास्त. यंत्राच्या पोटातल्या मेमरीत नोंदी असतीलही. पण यंत्रच वाहून गेले तर त्या कोणी वाचायच्या?

यावर संगणकशास्त्राकडे जुने उत्तर आहे. माहितीच्या अनेक प्रती अनेक यंत्रांवर ठेवायच्या आणि त्या एकमेकींशी जुळत्या राखायच्या. याला रेप्लिकेशन म्हणतात. बँका आणि मोठ्या वेबसाइटी हे रोज करतात, पण त्यांच्याकडे वातानुकूलित खोल्या, जाड केबली आणि पगारी माणसे असतात. या प्रकरणाचा विषय त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तळहाताएवढी यंत्रे, कोणी मालक नाही, कोणी चाकर नाही, मधे सर्व्हर नाही. सगळी बरोबरीची, शेजाऱ्याशी थेट रेडिओवर बोलणारी. बीडची हवामान केंद्रे आज अशी चालत नाहीत. ती दूरच्या सर्व्हरकडे तोंड करून उभी आहेत. ती एकमेकांकडे वळवली तर काय काय सोडवावे लागेल, हे पुढे पाहू.

आपल्याकडे ग्रामीण माहितीच्या जाळ्यांचा जो अनुभव आहे तोही बहुतेक केंद्रमुखीच. १९९८ मध्ये वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी संगणक बसले. ऊस उत्पादकाला आपल्या नोंदी, तोडीचा परवाना, वजन, खताची उधारी गावातच कळावी हा हेतू. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला: संगणक काढून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर चालवले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना जास्त आवडले. बीडच्या ऊसतोड टोळ्या दर हंगामात ज्या मुलखात जातात तो हाच. पण संगणक असो की एसएमएस, खरी वही कारखान्यात एकच होती. गावात तिची खिडकी तेवढी उघडत होती.

बरोबरीच्या छोट्या यंत्रांनी एकमेकांच्या नोंदी सांभाळायच्या, हे नीट दिसले ते केनियात आणि झेब्र्यांच्या गळ्यात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ‘झेब्रानेट’ प्रकल्पात २००४च्या जानेवारीत काही झेब्र्यांना जीपीएस, फ्लॅश मेमरी आणि रेडिओ असलेले पट्टे बांधले. दोन झेब्रे जवळ आले की त्यांचे पट्टे आपापल्या नोंदी एकमेकांना देत. संशोधकांना कळपातला एकच झेब्रा गाठता आला तरी इतरांची हालचाल त्याच्या पट्ट्यातून वाचता येई. टॉवर नाही, सर्व्हर नाही. प्राण्यांच्या भटकण्यावर डेटाबेस पसरत गेला.

यंत्रांची ऐपत आधी मोजून घेऊ, कारण या क्षेत्रातल्या पुष्कळ सुंदर कल्पना इथेच मोडतात. आज अशा कामाला सर्रास वापरला जाणारा ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर २०१६ मध्ये बाजारात आला. त्याची कामाची मेमरी ५२० किलोबाइट, शेजारी फ्लॅश मेमरी बहुधा ४ मेगाबाइट. फ्लॅशचा एक कप्पा साधारण लाखभर वेळा पुसता येतो. एकाच जागी दर मिनिटाला लिहीत बसलात तर ती जागा अडीच महिन्यांत झिजते. त्यामुळे अशा यंत्रात वही नेहमी पुढे पुढे लिहीत जायची, मागचे पान खोडायचे नाही, हा शहाणपणा हार्डवेअरच शिकवते.

रेडिओचे गणित याहून कडक आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे आणि लोरा जातीचे रेडिओ त्यात चालतात. मोकळ्या माळावर, दोन्ही अँटेना एकमेकींना दिसत असतील तर दहा-बारा किलोमीटरपर्यंत आवाज जातो, तोही अगदी थोड्या विजेत. मात्र सर्वांत लांब पल्ल्याला वेग उरतो सेकंदाला तीनशे बिटांच्या आसपास. एक नोंद २० बाइटची धरली तर दिवसाच्या १४४ नोंदींचे २,८८० बाइट होतात. त्या वेगाने ते शेजाऱ्याला द्यायला सव्वा मिनिटाहून जास्त वेळ लागतो. साठ केंद्रांच्या नोंदी प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायच्या म्हटले तर दर टप्प्याला रोज सव्वा तास नुसते बोलणे, आणि तेही कोणी मधे न बोलता. साठवणुकीत असेच: एका केंद्राचे वर्षाचे दप्तर जेमतेम एक मेगाबाइट, साठांचे ६३. सगळ्यांनी सगळे ठेवायचे हा हट्ट ४ मेगाबाइटच्या यंत्राला परवडत नाही. प्रत्येकाने स्वतःची आणि दोघा शेजाऱ्यांची वही ठेवावी, इतके मात्र जमते.

शेजारी कोणी कोणाला, कधी आणि काय सांगायचे? १९८७ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात ॲलन डेमर्स आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न साथीच्या रोगासारखा मांडला. कंपनीच्या जाळ्यातल्या नावांच्या याद्या शेकडो सर्व्हरवर ठेवलेल्या होत्या आणि त्या जुळवताना जाळे गुदमरत होते. त्यांनी प्रत्येक सर्व्हरला सांगितले: अधूनमधून कोणीही एक सर्व्हर निवड, त्याच्याशी यादी ताडून पाहा, जे नवे असेल ते दे आणि घे. कोणाकडे नकाशा नाही, कोणी मुख्य नाही, तरी बातमी सगळीकडे पोचते. गावात एखादी बातमी पारावर न येताही दुपारपर्यंत घरोघर होते, तसेच. साठ यंत्रांत प्रत्येकाने फेरीला एकाला सांगितले तर सुमारे दहा फेऱ्यांत सगळ्यांना कळते. अट एकच: कोणीही कोणालाही गाठू शकले पाहिजे. रेडिओवर तसे नसते. तिथे शेजाऱ्यालाच सांगता येते, आणि फेऱ्यांची संख्या अंतरावर ठरते.

सतत बोलत राहिले तर बॅटरी संपते. त्यावरचा तोडगा २००४ मध्ये फिलिप लेविस आणि सहकाऱ्यांनी ‘ट्रिकल’ या पद्धतीत काढला, आणि २०११ मध्ये तो इंटरनेटच्या प्रमाणकांत आला. यंत्राने बोलण्याआधी थोडा वेळ ऐकायचे. आपल्याला जे सांगायचे तेच शेजारी दोन-तीनदा सांगून गेला असेल तर गप्प राहायचे. सगळ्यांचे सारखे असेल तर बोलण्यातले अंतर दुप्पट, पुन्हा दुप्पट करत न्यायचे. कोणाकडे वेगळे काही ऐकू आले की अंतर एकदम कमी करायचे. शांततेत ही यंत्रे तासन्‌तास झोपतात आणि फरक पडला की काही सेकंदांत जागी होतात. एवढ्या थोड्या ओळींत एवढा विचार भरलेले सूत्र या विषयात मला दुसरे माहीत नाही.

फरक आहे हे ओळखायचे कसे? सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक वहीला पानांचे आकडे. धारूरचे यंत्र म्हणते, माझ्याकडे माझी वही ४१२ पर्यंत, वडवणीची ३९८ पर्यंत. वडवणीचे म्हणते, माझी ४०५, तुझी ४१०. चार आकड्यांत दोघांनाही कळते की कोणी कोणाला काय द्यायचे. आकड्यांच्या या पट्टीला व्हर्जन व्हेक्टर म्हणतात. इथे एक शिस्त गृहीत आहे आणि माझ्या मते सगळ्या रचनेत तीच सर्वांत मोलाची: प्रत्येक यंत्राने फक्त स्वतःच्या वहीत लिहायचे. शेजाऱ्याची वही उतरवून घ्यायची, सांभाळायची, पुढे द्यायची, पण तिच्यात एक अक्षर घालायचे नाही. एवढे पाळले की दोन प्रतींत भांडण होतच नाही. एक प्रत दुसरीपेक्षा आखूड असेल; वेगळी कधीच असणार नाही.

पानांच्या आकड्यांवर इतका भर का, वेळ का नाही? कारण स्वस्त घड्याळ. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला दहा मिनिटांहून जास्त. किरकोळ वाटते? हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बंद होतो. तासाला ६० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळत असेल आणि घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल, तर १० मिलिमीटर पाऊस उद्याच्या खात्यात जातो. आजचे ६५ चे ५५ होतात. मंडळ यादीतून बाहेर. जीपीएस किंवा मोबाइल टॉवरकडून वेळ मिळत असेल तोवर घड्याळ सुधारता येते, पण बॅटरी बदलल्यावर यंत्र घड्याळाच्या शून्यावर, म्हणजे १ जानेवारी १९७० ला, जागे होण्याचा प्रसंग या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८च्या एका छोट्या निबंधात दाखवले की वेगवेगळ्या यंत्रांतल्या घटनांचा क्रम लावायला खरे घड्याळ लागतेच असे नाही. कोणती घटना कोणत्या घटनेची खबर मिळाल्यानंतर घडली, एवढे मोजत गेले तरी पुष्कळ काम भागते. आपल्या जाळ्यात त्याचा उपयोग असा: शेजाऱ्याकडून घेतलेल्या पानाची पोच आपल्याही वहीत लिहायची. एखाद्याचे घड्याळ भरकटले तर शेजाऱ्यांच्या पोचांवरून त्याची चूक नंतर काढता येते.

आता मुख्य प्रश्न: प्रत ठेवायची कुठे?

पुस्तकी हिशोब सोपा असतो. एक यंत्र बंद पडण्याची शक्यता दहात एक असेल तर तीन प्रती एकदम जाण्याची हजारात एक. पण हा गुणाकार तेव्हाच खरा जेव्हा तीन यंत्रांची नशिबे वेगळी असतात. शिरूर कासारच्या केंद्राने आपली प्रत सिंदफणेच्याच काठावर खाली, पुढच्या मंडळात ठेवली तर जो पूर एकाला नेईल तोच काही तासांनी दुसऱ्याला गाठेल. रेडिओला जवळचा शेजारी सोयीचा, आणि संकटात जवळच्या शेजाऱ्याचेही तेच होते जे आपले होते. दोन गरजा एकमेकींच्या उलट ओढतात.

बीडचा भूगोल या ओढाताणीचा नमुनाच आहे. बालाघाटाची रांग जिल्ह्याच्या मधून जाते. उत्तरेला उतार गोदावरीकडे: सिंदफणा आणि तिला मिळणारी बिंदुसरा, माजलगावचे धरण याच सिंदफणेवर, आणि शेवटी मंजरथला गोदावरीशी संगम. दक्षिणेला पाटोद्याच्या डोंगरात उगवलेली मांजरा पठारावरून पूर्वेकडे जाते आणि केज तालुक्यात धनेगावच्या धरणात अडते. म्हणजे गेवराई-माजलगावची गंगथडी आणि केज-अंबाजोगाईचे पठार यांची पाणलोटे वेगळी. सिंदफणेला पूर आला म्हणून मांजरेला त्याच तासाला येईल असे नाही. तेव्हा खालच्या केंद्राची एक प्रत घाटावर आणि घाटावरच्याची एक खाली, हे तत्त्व आपसूक निघते.

अडचण अशी की रेडिओला डोंगर ओलांडता येत नाही. तेलगावकडून धारूरचा घाट चढताना मोबाइलची रेंज कशी जाते-येते ते त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. उपाय म्हणून माथ्यावर दोन्ही उतार दिसतील अशा जागी एक यंत्र बसवता येईल. मांजरसुंबा-पाटोद्याकडच्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्याच आहेत, उंच जागांची उणीव नाही. पण मग जिल्ह्याच्या दोन अर्ध्यांना जोडणारा तो एकच दुवा होतो. माथ्यावर वीज पडायची शक्यताही जास्त. बरोबरीच्या यंत्रांचे जाळे म्हणत म्हणत आपण पुन्हा एक मालक निर्माण करतो, फक्त सर्व्हरच्या खोलीऐवजी डोंगरावर. माथ्यावर तीन यंत्रे लांब लांब बसवली तर धोका कमी होतो. खर्च आणि देखभाल वाढते.

दुसरा मार्ग चाकांचा आहे, आणि तो शेजारच्या कर्नाटकात करून पाहिलेला आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या मंडळींनी ‘डाकनेट’ नावाने दोड्डबल्लापूर तालुक्यात बसमध्ये वाय-फायचे यंत्र ठेवले. बस गावच्या थांब्यापाशी आली की गावातला संगणक आपली पत्रे आणि ‘भूमी’ प्रकल्पातल्या जमिनीच्या उताऱ्यांच्या मागण्या तिच्यात टाकी. तालुक्याला पोचल्यावर त्या पुढे जात. आपल्या साठ केंद्रांची एका दिवसाची माहिती १७५ किलोबाइटही भरत नाही. वाय-फायला ती द्यायला प्रवासी चढायला लागतो त्याहून कमी वेळ पुरतो. माजलगावहून धारूर-केजकडे जाणाऱ्या एसटीत असे एक डबडे बसवले तर घाटापलीकडची प्रत रोज होईल. एक दिवस उशिरा झाली तर बिघडत नाही, कारण मदतीचा निर्णय कोणी त्याच रात्री घेत नाही. रेडिओचे जाळे तातडीच्या नोंदींना, एसटी दप्तराला. अशा मिश्रणाला संशोधक थोडे नाक मुरडतात. मला ते जिल्ह्याच्या अंगाला बसणारे वाटते. पूर आल्यावर एसटीही बंद होते हे खरे, पण आदल्या संध्याकाळपर्यंतचे दप्तर तरी पलीकडे गेलेले असते.

आतापर्यंत आपण ‘ज्याची वही त्याने लिहावी’ या सुखात होतो. काही माहिती मात्र खरोखर सामाईक असते. दुष्काळात टँकरच्या खेपा मोजायच्या आहेत असे धरा. भरणा केंद्रावर एक यंत्र, टँकरवर एक, गावच्या विहिरीपाशी एक, आणि तिघांकडेही ‘एकूण खेपा’ हा आकडा हवा. ‘तीन वाढवा’ असा निरोप रेडिओवर दोनदा पोचला तर सहा होतात, आणि वीज-पाण्याच्या या जगात निरोप दोनदा पोचतातच. २०११ मध्ये मार्क शपिरो आणि सहकाऱ्यांनी अशा माहितीसाठी सीआरडीटी, म्हणजे न भांडता जुळणाऱ्या प्रतींचे, घराणे नीट मांडले. त्यातला सर्वांत साधा मोजणीदार असा: एकूण आकडा साठवायचाच नाही. प्रत्येकाचा वेगळा स्तंभ ठेवायचा, स्वतःचाच वाढवायचा, आणि दोन प्रती भेटल्या की प्रत्येक स्तंभात जो मोठा आकडा असेल तो दोघांनी घ्यायचा. समजा एकाकडे ७, ५, ३ आहे आणि दुसऱ्याकडे ६, ५, ४. भेटीनंतर दोघांकडे ७, ५, ४, बेरीज सोळा. निरोप दोनदा येवो, उलट्या क्रमाने येवो, चार दिवस उशिरा येवो, उत्तर तेच.

खोडणे याहून अवघड. एखादे बंद झालेले केंद्र यादीतून काढले आणि महिनाभर बंद असलेले एक यंत्र जुनी यादी घेऊन जागे झाले, तर गप्पांच्या ओघात ते केंद्र पुन्हा जिवंत होते. डेमर्स आणि मंडळींनी यावर काढलेली सोय म्हणजे खोडलेल्या नोंदीच्या जागी ‘मृत्यूचा दाखला’ ठेवायचा आणि तोही सगळीकडे पसरवायचा. दाखले किती काळ जपायचे हा मग नवा प्रश्न. जागा थोडी, मेलेले वाढत जाणारे. ग्रामपंचायतीच्या दप्तरखान्याला हा प्रश्न नवा नाही.

या सगळ्या युक्त्यांना एक भिंत आडवी आहे. रेशन दुकानात शेवटचे एक पोते उरले आहे आणि दोन यंत्रे एकमेकांशी संपर्क नसताना ते दोन कुटुंबांना लिहून देतात. नंतर प्रती कितीही सफाईने जुळवल्या तरी पोते एकच. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेली आणि सेठ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेली मर्यादा हीच सांगते: जाळे तुटलेले असताना सगळ्या प्रती कायम एकमताच्या ठेवणे आणि प्रत्येक यंत्राने तेव्हाही उत्तर देत राहणे, दोन्ही एकदम साधत नाही. एकमत हवे असेल तर रेंज नसताना ‘थांबा’ म्हणावे लागते, आणि ई-पॉस यंत्रापुढे ताटकळणारा माणूस हीच निवड सोसत असतो. मधली वाट म्हणजे साठा आधीच वाटून देणे: या यंत्राने दहा पोत्यांपर्यंत न विचारता द्यावे, त्याने आठपर्यंत. आपला वाटा संपेपर्यंत कोणाला विचारायचे नाही. पावसाच्या नोंदीला यातले काही लागत नाही, कारण पाऊस कोणी वाटत नाही, फक्त मोजतो. म्हणूनच या तंत्राची सुरुवात अशा कामापासून करावी. रेशन त्याच्यावर टाकायला निघालेल्या उत्साही माणसाला थोडे थांबवावे.

राहिला विश्वास. शेजाऱ्याने उतरवून घेतलेल्या वहीत त्याने बदल केला नाही हे कशावरून? पर्जन्यमापकाचे खांब उघड्या रानात असतात आणि आकड्याला पैसा चिकटलेला असतो. इथे क्रिप्टोग्राफी कामाला येते. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा हॅश (त्याच्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) लिहायचा, म्हणजे मागचे एक अक्षर बदलले तरी पुढची सगळी साखळी तुटते. डॉमिनिक टार या न्यूझीलंडच्या प्रोग्रॅमरने २०१४च्या सुमारास ‘स्कटलबट’ नावाचे बरोबरीचे जाळे याच साखळीवर उभे केले. तो बोटीवर राहायचा, त्याला इंटरनेट क्वचितच मिळायचे. यंत्राने आपल्या गुप्त किल्लीने सही केली की वही त्याचीच हेही ठरते. फक्त सही ६४ बाइटची आणि नोंद २० ची; दर पानावर सही परवडत नाही. दिवसातून एकदा, साडेआठला, साखळीच्या टोकावर सही केली तरी आधीचे सगळे बांधले जाते. यातून एक गोष्ट मात्र सुटत नाही: मापकाच्या तोंडावर कोणी पोते टाकले असेल तर यंत्र खोटा आकडा अतिशय प्रामाणिकपणे जपून ठेवेल.

दोघांच्या सहीची, दोघांकडे प्रत असलेली वही पावसाशिवाय आणखी कुठे लागते, तर बीडमध्ये उत्तर दूर नाही. ऊसतोडीला जाणारी जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेते. किती घेतली, किती फिटली, किती दिवसांचा खाडा, हे मुकादमाच्या वहीत. हंगाम संपल्यावर वाद झाला की वही एकच असते आणि ती कोयत्याच्या हातात नसते. साध्या फोनवर, टॉवरशिवाय, दोन फोन शेजारी धरून दोन्हीकडे एकच सही केलेली नोंद उतरवणे हे आज तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ती उतरवायला मुकादम का तयार होईल, हा प्रश्न मायक्रोकंट्रोलरच्या आवाक्याबाहेरचा.

अनेक प्रतींच्या बाबतीत कायदा अनपेक्षितपणे पुढे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ५७व्या कलमात म्हटले आहे की एखादी इलेक्ट्रॉनिक नोंद एकाच वेळी किंवा एकामागून एक अनेक फाइलींमध्ये साठवली गेली असेल, तर त्यांतली प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा आहे. म्हणजे वाहून गेलेल्या यंत्रातली मूळ आणि घाटावरची ती नक्कल, असा भेद कायद्यालाही करायचा नाही. ६३व्या कलमाखालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचा आकडा आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहायला जागा आहे. त्याच नमुन्यात यंत्राची बनावट, मॉडेल, रंग आणि अनुक्रमांकही विचारले आहेत. तेव्हा अशी वही तयार करणाऱ्याने हे तपशील यंत्राच्या मागे चिकटवलेल्या कागदावर ठेवू नयेत. पाऊस पडण्याआधी, प्रत्येक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून शेजाऱ्यांकडे पाठवून द्यावेत.